कारल्याचा वेल आणि माहेरची वाट: भोंडल्यातल्या एका गाण्याचा अर्थ

या गाण्यातली सासू ‘जाऊ नकोस’ असं एकदाही म्हणत नाही. ती प्रत्येक वेळी ‘जा’ असंच म्हणते. कारल्याचं बी पेर, मग जा. कोंब फुटू दे, मग जा. वेल मांडवावर चढू दे, मग जा. परवानगी प्रत्येक ओळीत आहे आणि प्रत्येक ओळीत ती पुढे ढकललेली आहे. तोंडावर नकार न देता माणसाला अडकवून कसं ठेवायचं, याचा इतका नेमका नमुना मराठी लोकगीतांत दुसरा सापडणं कठीण.

मुंबईत गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंड अशा भागांत नवरात्रात भोंडला झाला आणि ‘कारल्याचा वेल’ झालं नाही असं सहसा होत नाही. सासुरवास फक्त मालिकांत पाहिलेल्या मुलीसुद्धा ते हौसेने म्हणतात. ते का टिकलं, याचं उत्तर बरंचसं गाण्याच्या बांधणीत आहे, म्हणून आधी बांधणी पाहू.

ज्यांना भोंडला माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाटावर हत्ती काढायचा, पाट मधोमध ठेवायचा, मुलींनी आणि बायकांनी हात धरून त्याभोवती फेर धरायचा आणि गाणी म्हणायची. मुंबई-पुण्याकडे तो बहुधा घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत चालतो. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढती भाजणी. शेवटी खिरापत, आणि ती काय आहे हे इतरांनी ओळखायचं. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तेव्हापासून, म्हणजे साधारण २७ सप्टेंबरपासून, सोळा दिवस खेळतात तो हादगा. खानदेश-विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई बसते. तिन्हींची गाणी एकमेकांत पुष्कळ मिसळलेली आहेत. त्यामुळे एकाच गाण्याचे चार पाठ मिळाले तर त्यातला ‘खरा’ कोणता, हा वाद घालण्यात अर्थ नाही.

गाणं चालतं कसं

सुरुवात अशी:

कारल्याचं बी पेर गं सुने, मग जा आपुल्या माहेरा, माहेरा
कारल्याचं बी पेरलं हो सासूबाई, आता तरी धाडा ना माहेरा, माहेरा

पुढे याच साच्यात कोंब येतो, वेल वाढतो, फूल येतं, कारलं लागतं, मग कारल्याची भाजी करायची, खायची, उष्टं काढायचं. काही घरांत मांडव घालण्याचं वेगळं कडवं आहे, काहींत भाजी चिरण्याचं. काही पाठ ‘बी पेर’पासून सुरू होतात, काही थेट ‘वेल लाव’पासून.

सुनेच्या पहिल्याच उत्तरातलं ‘आता तरी’ जरा थांबून ऐकावं. आत्ता कुठे एक कडवं झालंय आणि ती ‘आता तरी’ म्हणते. म्हणजे मागणं आधीच झालेलं आहे, बहुतेक अनेकदा झालेलं आहे, आणि आपण मधूनच ऐकू लागलो आहोत. तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा काय झालं, हे गाणं सांगत नाही. सांगायची गरजही पडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ओळीचा शेवट. सासू आणि सून, दोघींच्याही ओळी ‘माहेरा, माहेरा’ने संपतात. जी अडवते तिच्याही तोंडी तोच शब्द आणि जी तळमळते तिच्याही. फेरातल्या ज्या बायकांना मधले शब्द येत नाहीत, त्याही या दोन शब्दांना येऊन मिळतात. त्यामुळे सगळ्यात मोठा आवाज नेमका या शब्दावर उठतो. तीन मिनिटांत तो पंचवीसेक वेळा, तोही दुहेरी, म्हटला जातो.

पाठ करायलाही हे गाणं अगदी हलकं आहे. मागची सगळी कडवी पुन्हा उजळावी लागत नाहीत. दर कडव्यात एकच जागा बदलते: पेर-पेरलं, फुटू दे-फुटला, कर-केली. पुढे काय येणार हे वेलीलाच विचारायचं. बी आधी की फूल आधी, हा क्रम पाच वर्षांच्या मुलीलाही चुकवता येत नाही. ‘एक लिंबू झेलू बाई, दोन लिंबं झेलू’मध्ये हे काम आकडे करतात. इथे ते निसर्गक्रमाने होतं आणि म्हणून अर्थही सोबत पुढे सरकतो.

एका कारल्याला किती दिवस लागतात?

गाण्यात दोन ओळींमध्ये बी रुजतं. परसात तसं होत नाही, आणि हे गाणं ज्यांनी रचलं, घोळवलं, त्या बायकांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांचा हिशोब मांडून पाहिला की सासूच्या अटी किती लबाड आहेत ते कळतं.

कारल्याच्या बीचं कवच जाड असतं. रात्रभर भिजवून लावलं तरी उबदार, ओल्या हवेत कोंब वर यायला साधारण आठवडा ते दहा दिवस जातात. तणावे फुटून वेल मांडवाला धरेपर्यंत तीन-चार आठवडे. पस्तीस ते पंचेचाळीस दिवसांनी पहिली पिवळी फुलं दिसतात. फूल येऊ दे म्हणाली होती ना सासू? आलं फूल! पण खरी गंमत इथे आहे. कारल्याच्या वेलीवर आधी येतात ती बहुतेक नर फुलं. ती उमलतात आणि गळून जातात, त्यांना कारलं धरत नाही. मादी फूल काही दिवस मागाहून येतं आणि ते ओळखायला सोपं असतं: पाकळ्यांच्या खाली, देठाकडे, बोटाच्या पेराएवढं इवलं खरबरीत कारलं आधीपासूनच असतं. परागण झालं तर ते भरतं, नाही झालं तर पिवळं पडून गळतं. भाजीजोगं व्हायला तिथून पुढे आणखी बारा-पंधरा दिवस. सगळं मिळून पंचावन्न ते पासष्ट दिवस झाले.

म्हणजे ‘फूल येऊ दे’ आणि ‘कारली लागू दे’ या दोन वेगळ्या अटी आहेत. पहिली पुरी झाली म्हणजे दुसरी होईलच असं नाही, आणि यातली एकही सुनेच्या हातात नाही. बी पेरणं तिच्या हातात होतं. कोंब, फूल, फळ हे पावसाच्या आणि किड्या-भुंग्यांच्या हातात. कामाच्या अटीपासून सुरुवात करून सासूने हळूच वाट पाहण्याच्या अटी घातल्या, आणि कारलं हाती आल्यावर पुन्हा काम: भाजी कर, खा, उष्टं काढ.

आता हंगाम पाहा. पावसाळी कारलं लावतात मृगाच्या पावसापासून आषाढापर्यंत. दोन महिने धरले तर कारली लागतात ती श्रावण-भाद्रपदात, आणि वेल चांगला असेल तर पुढे आश्विनातही तोडा चालू राहतो. भोंडला आश्विनातच खेळतात. गाणं म्हणताना वेलीवर खरीच कारली लटकत असत, आणि पावसाळाभर काढलेली कळही ताजीच असे.

पावसाळाभर तसंही कुठे जाणं सोपं नव्हतं. नद्यांना पूर, वाटा चिखलाच्या. मुंबईपुरतं बोलायचं तर सासर गिरगावात आणि माहेर रत्नागिरीकडे असलेल्या मुलीला किनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटीवाचून सोयीचा मार्ग नसे, आणि ही वाहतूक पावसाळ्यात बंद असे. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. त्यामुळे ‘वेल वाढू दे, मग जा’ म्हणणाऱ्या सासूला फारसं काही गमवावं लागत नव्हतं. जूनमध्ये अट घातली की गणपती येईपर्यंत तिला निवांतपणा.

कारलंच का, असाही प्रश्न पडतो. दोडका, पडवळ, काकडीचे वेलही त्याच हंगामातले. कडू भाजी म्हणून ते निवडलं असावं हे उघड आहे: दोन महिने राबून हाती काय लागलं, तर कारलं, आणि तेही संपवायचं. शिवाय चालीच्या दृष्टीने ‘कारल्याचं’, ‘कारल्याला’, ‘कारल्याची’ ही सुरुवात जोरकस पडते. दोडक्याने तो ठसका येत नाही, म्हणून पाहा.

दुसरा भाग: मला काय पुसतेस

अनेक पाठांत गाणं उष्ट्यावर संपत नाही. सगळं झालं, आता अट उरली नाही. मग सासू म्हणते:

मला काय पुसतेस, बरीच दिसतेस, पूस जा आपल्या सासऱ्याला

सासरा म्हणतो दिराला पूस, दीर म्हणतो जावेला, जाऊ नणंदेला, नणंद नवऱ्याला. क्रम घराघरांत बदलतो. इथे गाण्याची तऱ्हा पालटते. पहिल्या भागात एकच व्यक्ती दर वेळी नवी अट घालत होती. आता अट घालायलाही कुणी तयार नाही, जो तो पुढच्याकडे बोट दाखवतो. रजेचा अर्ज घेऊन साहेबाकडून एचआरकडे आणि एचआरकडून पुन्हा साहेबाकडे फिरलेल्या कुणालाही हा भाग समजावून सांगावा लागत नाही.

‘पुसतेस-दिसतेस’ या जोडीत टोमण्याची लय आहे. ‘बरीच दिसतेस’ हे तर मराठी घरातलं अस्सल बोलणं: काय बरीच, ते सांगायचं नाही. आगाऊ, शहाणी, चढेल, जे लागू पडेल ते ऐकणारीने घ्यावं.

नवरा सगळ्यात शेवटी येतो याचे दोन अर्थ लावतात. एक म्हणजे एकत्र कुटुंबात त्याचा शब्द सगळ्यात हलका, आई-वडील, भाऊ, बहीण झाल्यावर त्याचा नंबर. दुसरा म्हणजे अखेर तोच सोडवणार, म्हणून त्याला शेवटासाठी राखून ठेवलंय. पहिला अर्थ जास्त पटण्याजोगा आहे, कारण तो मनात आणता तर पहिल्या कडव्यालाच ‘जाऊ दे गं तिला’ म्हणू शकला असता. सोडवणूक होते ती अशी:

आणा फणी, घाला वेणी, जाऊ द्या राणी माहेरा, माहेरा

आतापर्यंतची लांब, ओढलेली ओळ अचानक तीन तुकड्यांत पडते: फणी, वेणी, राणी. ठोके तेच, पण शब्द उड्या मारतात. शिवाय इतका वेळ जी ‘सुने’ होती ती पहिल्यांदाच ‘राणी’ झाली. फेराचा वेग इथे आपोआप वाढतो. तो वाढू द्यावा.

सगळ्या गाण्यांना असा सुखाचा शेवट नसतो. ‘नणंदा भावजया दोघीजणी’मध्ये शिंक्यावरचं लोणी गेल्याचा आळ वहिनीवर येतो आणि गाणं ‘घे काठी, घाल पाठी’पर्यंत जातं. त्याच्या शेजारी ठेवून पाहिलं की ‘कारल्याचा वेल’ हे किती हुशारीने हाताळलेलं गाणं आहे ते दिसतं. यात मारहाण नाही, शिवी नाही, सासू आवाजही चढवत नाही.

ही सून किती वर्षांची?

गाणं वय सांगत नाही, पण काळ डोळ्यांसमोर ठेवायला हवा. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधाला संमतीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. १९२९च्या शारदा कायद्याने मुलीचं लग्नाचं किमान वय चौदा ठरवलं, तो १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. अठरा वर्षं व्हायला १९७८ उजाडलं. तेव्हा ‘आता तरी धाडा ना’ म्हणणारी सून बारा-तेरा वर्षांचं पोर असणं ही त्या काळातली सर्रास गोष्ट होती. फेर धरून खेळणाऱ्या मुली आणि गाण्यातली सून एकाच वयाच्या असत.

बाईने राहायचं कुठे हे कोण ठरवणार, हाच प्रश्न याच मुंबईत कोर्टातही गेला होता. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं, पण त्या सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच वाढल्या आणि शिकल्या. पुढे त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, तेव्हा नवरा दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंगवास. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे त्या लंडनला वैद्यकीचं शिक्षण घेऊन १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या. गाण्यात सासर माहेरी जाऊ देत नाही, खटल्यात सासर माहेराहून ओढून नेऊ पाहतं. बाजू उलटी, पण दोन्हीकडे मुलीला स्वतःच्या मुक्कामासाठी दुसऱ्याचा हुकूम लागतो. रखमाबाईंना शिक्षण, घरचा पाठिंबा आणि वर्तमानपत्राचे रकाने मिळाले. बाकीच्यांना फेर मिळाला.

वेल, फूल, फळ यांचा आणखी एक अर्थ अभ्यासक सुचवतात: वंशवेल वाढणं, न्हाण येणं, फळ धरणं. जुन्या विधींत गर्भाधानाच्या सोहळ्याला ‘फळशोभन’ असा शब्दच आहे, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तर आजही आहे. म्हणजे ‘वेलीला फळ धरू दे, मग जा’ याचा अर्थ ‘दिवस राहू देत, मग जा’ असा होऊ शकतो. ही संगती गाण्याच्या अंगावर छान बसते, पण ती सक्तीची करू नये. भाजी करून उष्टं काढायच्या कडव्याला ती लागू पडत नाही, आणि तिथे ओढूनताणून काही लावायला गेलं की गाण्यातला खट्याळपणा मरतो.

‘असली बुरसटलेली गाणी मुलींना कशाला शिकवायची?’ हा प्रश्न दर नवरात्रात कुणीतरी विचारतंच. गाणं सासूचं कौतुक करत असतं तर तो रास्त होता. इथे तिची नक्कल चालली आहे. फेरातली प्रत्येक मुलगी आळीपाळीने सासू होते, मान वाकडी करून ‘मग जा’ म्हणते आणि सगळ्या हसतात. घरात जिच्यासमोर ब्र काढता येत नाही, तिचं सोंग चारचौघांत आणायची मुभा या खेळाने दिली, आणि देवापुढचा खेळ म्हटल्यावर कुणाला आक्षेप घेता येत नव्हता. अशा गाण्यांकडे दस्तऐवज म्हणून पाहायला आपण उशिराच शिकलो. डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या कामातून बायकांची गाणी मोठ्या प्रमाणावर छापून आणली, म्हणून कितीतरी पाठ वाचले.

आधुनिक रूपांतरं मात्र बहुतेक एका वर्षात विरतात. ‘प्रोजेक्ट संपव गं सुने’ छापाच्या ओळी पहिल्यांदा हसवतात, पण तिसऱ्या कडव्याला क्रम सुटतो: प्रोजेक्टनंतर काय? काहीही चालतं, म्हणून काहीच लक्षात राहत नाही. मुलींकडून नवं गाणं करून घ्यायचं असेल तर आधी अशी साखळी शोधायला सांगावी जिचा क्रम उलटवता येत नाही.

म्हणायला घेताना

सगळ्यात नेहमीची फजिती पाठांतराची. दहाजणींच्या मोबाइलवर दहा पाठ. अर्ध्या ‘कोंब’वर, अर्ध्या ‘वेल’वर, आणि तिसऱ्या कडव्याला गाणं कोसळतं. उपाय एकच: पुढे म्हणणारी एक बाई ठरवा आणि कडव्यांचा क्रम आधी तिच्याशी पक्का करा. बी, कोंब, वेल, फूल, कारलं, भाजी, उष्टं, एवढा क्रम मुंबईतल्या मिश्र मंडळीला पुरतो. मोबाइल पिशवीत. हातात हात असतील तर तो तसाही धरता येत नाही.

वेळ कमी आहे म्हणून मधली कडवी गाळू नका. ‘बी पेर’वरून एकदम ‘भाजी कर’वर गेलात तर सासू अडवतेय असं वाटतच नाही, आणि मग ‘आणा फणी’ला सुटकेचा आनंदही होत नाही. गाणं लांबण्यातच त्याचा अर्थ आहे. वेळ वाचवायचाच तर दुसऱ्या भागातले नातेवाईक कमी करा: सासरा, नणंद, नवरा एवढे पुरतात.

फेराचा हिशोब असा. हात सैल धरल्यावर माणशी साधारण ऐंशी सेंटिमीटर लागतात. सोळाजणींचा फेर चार मीटर व्यासाचा होतो, तो बहुतेक इमारतींच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यात, खांबांमधून बसतो. एका ओळीला आठ पावलं, पाऊल चाळीस सेंटिमीटरचं. म्हणजे चार ओळींत, दोन कडव्यांत, एक फेरी पुरी होते. चाळीसजणी एकाच फेरात धरल्या तर व्यास दहा मीटरवर जातो, पलीकडच्या बाजूला पुढे म्हणणारीचा आवाज पोचत नाही आणि गाणं मागे-पुढे होतं. त्यापेक्षा आत मुलींचा लहान फेर, बाहेर बायकांचा, असे दोन करा. पुढे म्हणणारी आतल्या फेरात ठेवा.

स्पीकरवर रेकॉर्ड लावायचा मोह होतो. त्या बऱ्याच रेकॉर्ड ढोलकी-सिंथच्या जोरावर पळतात. पाऊल पळू लागलं की ‘आता तरी धाडा ना’मधली विनवणी जाते आणि उरते नुसती कवायत. मिनिटाला शंभर पावलांच्या आसपास, निवांत चालीने, गाणं अडीच-तीन मिनिटं चालतं. सूर खाली धरूनच सुरुवात करा. पहिल्या कडव्यात उंच लावलेला आवाज कारलं लागेपर्यंत बसतो.

दोन गट करून म्हणायचं असेल तर मुलींना सासूच्या बाजूला आणि आज्यांना सुनेच्या बाजूला ठेवा. उलट केलं तर लाजऱ्या मुलींच्या विनवण्या ऐकूच येत नाहीत. असं केलं की सातवीतली पोरगी सत्तरीच्या आजींना ‘बरीच दिसतेस’ म्हणते, आणि आजींना काय काय आठवतं ते त्यांच्या तोंडावर दिसतं.

गच्चीवर वारा असेल तर रांगोळीचा हत्ती दहा मिनिटांत उडतो. पाटावर खडूने आकार काढून त्यावर तांदूळ पसरा, झूल मसूर डाळीने, डोळ्याला एक मिरी. दोन वाट्या तांदूळ आणि पाऊण वाटी डाळ पुरते. गरबा त्याच मैदानात असेल तर त्याच्याशी स्पर्धा करू नका. सप्टेंबरअखेर मुंबईत सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. साडेपाचला फेर धरला तर सातच्या आत खिरापत होते. ‘आडात पडली मासोळी, आमचा भोंडला संध्याकाळी’ ही जुनी हाकही तेच सांगते.

मुलांना गाणं खरंच समजावायचं असेल तर जुलैच्या उत्तरार्धात बाल्कनीतल्या पंधरा इंची कुंडीत रात्रभर भिजवलेल्या तीन बिया पेरा, एकच जोमदार रोप ठेवा आणि वर ग्रिलला सुतळी बांधा. सहा तास ऊन हवं. वरच्या मजल्यांवर मधमाश्या फारशा फिरकल्या नाहीत तर फुलं येतात आणि गळून जातात. अशा वेळी सकाळी लवकर नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. नवरात्रापर्यंत दोन-चार कारली मिळतात, आणि त्या दोन महिन्यांत ‘अजून नाही आलं?’ हा प्रश्न पोरं रोज विचारतात.

खिरापतीला पंचवीसजणींसाठी अर्धा किलो हरभरा डाळीची वाटली डाळ पुरते. चार-पाच तास भिजवा, भरड वाटा. पाणी राहिलं तर गोळा होतो, म्हणून वाटण्याआधी चाळणीत पूर्ण निथळू द्या. डबा वाजवून दाखवायचा असतो आणि वाटली डाळ वाजत नाही, त्यामुळे ओळखायला जड जाते. त्या घरच्या कारल्यांचे काप तळून दुसऱ्या डब्यात नेलेत तर ते खणखणीत वाजतात, आणि सगळ्या चिवडा म्हणून फसतात.